गाडीचा एसी थंड करत नाही? गॅस भरायच्या आधी एवढं बघून घ्या

"गॅस संपला असंल भाऊ, टाकून देतो" हे वाक्य एप्रिल-मे मध्ये अकोल्यात कुठल्याही गॅरेजवर ऐकायला मिळतं, बऱ्याचदा बॉनेट उघडायच्या आधीच. कधी कधी ते खरंही असतं. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद पाइपांमध्ये गोल गोल फिरत असतो, त्यामुळे कमी झाला असेल तर तो कुठून तरी गेलाय आणि ती जागा सापडेपर्यंत वरून टाकलेला पण तिथूनच जाणार. (रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा थोडा झिरपतो हे मान्य, पण सात-आठ वर्षांत थोडं कूलिंग कमी होणं वेगळं आणि मागच्या उन्हाळ्यात भरलेला या उन्हाळ्यात गायब होणं वेगळं.) आणि कितीतरी वेळा गॅस अगदी बरोबर असतो, बिघाड दुसराच असतो.

माझी गाडी जुनी साधी हॅचबॅक आहे, नॉब फिरवायचा मॅन्युअल एसी. मी मेकॅनिक नाही. पण तिच्या एसीमागे इतकं फिरलोय की गॅरेजला जायच्या आधी घरच्या घरी काय बघता येतं आणि तिथे गेल्यावर काय विचारायचं हे बऱ्यापैकी कळलंय, ते क्रमाने लिहितो. नवीन गाडी घेतलेल्यांना आणि पहिल्यांदाच सेकंडहँड घेतलेल्यांना जास्त उपयोगी पडेल.

आधी दोन ओळींत एसी कसा चालतो ते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबल्यावर तो प्रचंड गरम होतो, मग पुढे रेडिएटरच्या समोर जी जाळी असते (कंडेन्सर) तिथे वारा लागून तो थंड होऊन पातळ (द्रव) होतो, पुढे एक्स्पान्शन व्हॉल्वच्या बारीक भोकातून सुटला की दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळायला लागतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये आर १३४ ए गॅस असतो, तो मोकळ्या हवेत उणे २६ अंशालाच उकळतो. उकळताना कॉइलची उष्णता ओढून घेतो, ब्लोअर त्या गार कॉइलवरून हवा फेकतो आणि ती आपल्या तोंडावर येते. म्हणजे बघायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: हवा, कॉम्प्रेसर, पुढचा फॅन आणि सगळ्यात शेवटी गॅस.

काय काय लागेल

- काडीसारखा प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर. दोनेकशे-तीनेकशे रुपयांत ऑनलाइन मिळतो. हा घ्याच, कारण "थंड वाटतंय" आणि "वाटत नाही" यावर गॅरेजवाल्याशी वाद घालता येत नाही, आकड्यावर घालता येतो.
- टॉर्च आणि पाणी मारायला घरचा बागेचा पाइप
- टेस्ट लॅम्प (वायरीत वीज येते का ते दाखवणारा दिवा) किंवा साधा मल्टिमीटर, असला तर उत्तम
- गाडीचं मॅन्युअल (फ्यूज आणि रिलेचा नकाशा त्यातच असतो, काही गाड्यांत फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो)
- एसीच्या कामाची जुनी बिलं, वॉरंटी चालू असेल तर तिचे कागद
- बॉनेटखालच्या एसीच्या स्टिकरचा फोटो. त्यावर गॅस कुठला आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत साधारण ३०० ते ५०० ग्रॅमच असतो, स्टिकर फाटला असेल तर मॅन्युअलमध्ये बघा.

गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर), व्हॅक्यूम पंप वगैरे विकत घेऊ नका, ते गॅरेजचं काम.

१. आधी तक्रार नीट ओळखा

एसी "चालत नाही" याचे बरेच प्रकार आहेत आणि कधी चालतो, कधी नाही यावरच अर्धं निदान होतं. गाडी पळताना छान थंड आणि सिग्नलला उभं राहिलं की गरम? तर संशय पुढच्या फॅनवर आणि कंडेन्सरवर. सुरुवातीला मस्त, आणि अर्ध्या-पाऊण तासाने हवेचा जोरच कमी होत जातो, बंद करून दहा मिनिटं नुसता ब्लोअर ठेवला की परत ठीक? कॉइलवर बर्फ जमतोय, तिथला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर, मेकॅनिक त्याला थर्मोस्टॅट म्हणतात) कॉम्प्रेसरला वेळेवर बंद करत नसेल, किंवा फिल्टर तुंबून हवाच कमी जात असेल. हवा जोरात पण कोमट? मग पुढच्या पायऱ्या. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवरच चालतो? तो ब्लोअरचा रेझिस्टर गेलाय, त्याचा गॅसशी काहीएक संबंध नाही.

आणि गाडी दुपारभर उन्हात उभी असेल तर पहिली पाच-सात मिनिटं कुठलाच एसी थंड करत नाही, त्याला बिघाड म्हणू नका. आधी काचा खाली करून आतली तापलेली हवा बाहेर काढा, थोडं अंतर जा, मग काचा वर घ्या.

मोजायचं असं: सावलीत गाडी, काचा बंद, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवायचं बटण) चालू, ब्लोअर दोन नंबरवर, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास, दहा मिनिटं. प्रोब मधल्या व्हेंटमध्ये खुपसून आकडा लिहून ठेवा, बाहेरचं तापमानही लिहा. बाहेर ३०-३२ असताना ६ ते १० आलं तर एसी चांगला आहे. बाहेर ४३ असताना उभ्या गाडीत १२-१४ आलं तरी घाबरू नका, छोट्या गाडीकडून त्या उन्हात तेवढीच अपेक्षा ठेवायची. २० च्या वर असेल तर मात्र काहीतरी आहे.

२. फुकटातलं

रिसर्क्युलेशनचं बटण (गाडीच्या आत गोल बाण असलेलं) चालू आहे का बघा. हसू नका, बाहेरची ४२ अंशाची हवा आत घेत एसी चालवणारे खूप आहेत.

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, दोन्ही बाजू दाबून ग्लोव्हबॉक्स खाली सोडला की दिसतो, पाच मिनिटांचं काम. काळा पडला असेल तर बदला. काही स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी फिल्टर देतच नाही, नुसतीच खाच असते, आणि मग सगळा कचरा थेट कॉइलवर जाऊन बसतो. उंदराने तिथे घर केलेलं असण्याचीही शक्यता असते, चिंध्या, शेंगांची टरफलं, सगळं निघतं. उंदीर असेल तर आजूबाजूच्या वायरी पण बघा.

गरम-थंडचा नॉब. जुन्या गाड्यांत त्याच्यामागे एक केबल असते, ती निसटली की नॉब निळ्यावर फिरतो पण आतली फ्लॅप गरमच्याच बाजूला अडकून राहते, आणि थंड झालेली हवा हीटरवरून जाऊन कोमट होऊन बाहेर येते. नॉब पूर्ण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फिरवा: दोन्हीकडे नीट अडकल्यासारखा लागला पाहिजे आणि हवेत फरक पडला पाहिजे. नुसता सैल फिरत असेल तर केबल बघायला सांगा.

३. कॉम्प्रेसर लागतोय का

इंजिन चालू, बॉनेट उघडा, एसी बंद. हात, ओढणी, टायची टोकं, मोबाइलची दोरी बेल्टपासून लांब ठेवा, आणि फॅनपासूनही, कारण तो न सांगता सुरू होतो. टॉर्च मारून कॉम्प्रेसरच्या पुलीकडे बघा. बाहेरची रिंग बेल्टबरोबर फिरत असेल आणि मधली चकती उभी असेल. आता आत बसलेल्याला एसी लावायला सांगा. "टक्" असा आवाज येतो, मधली चकती पण फिरायला लागते आणि इंजिनचा आवाज किंचित खाली बसतो. म्हणजे मॅग्नेट क्लच लागला.

(नवीन काही गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतून कमी-जास्त होतो, तिथे ही टेस्ट चालत नाही. पूर्ण (स्ट्राँग) हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाडीत तर कॉम्प्रेसरच विजेवर असतो, नारिंगी जाड वायरींना हात लावू नका, थेट सर्व्हिस सेंटर. त्यांचं ऑइलही वेगळं असतं.)

चकती लागतच नसेल तर कारणं बरीच: फ्यूज, रिले (विजेने चालणारा छोटा स्विच), वायर, क्लचची कॉइल, प्रेशर स्विच, थर्मिस्टर, किंवा इंजिन जास्त तापल्यामुळे ईसीयूनेच (गाडीच्या कॉम्प्युटरने) बंद ठेवलेलं. सोप्यापासून सुरुवात करा. फ्यूज काढून बघा. रिले शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी अदलाबदल करा, हॉर्नचा बऱ्याचदा तसाच असतो. एसी लागला आणि हॉर्न गेला तर निकाल लागला.

तेवढ्याने नाही झालं तर क्लचच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प. १२ व्होल्ट येतायत आणि तरी चकती ओढली जात नाही, तर दोष क्लचमध्ये. येतच नाहीत, तर दोष आधी कुठेतरी, आणि तिथे गॅस कमी असणंही आलं, कारण दाब एका मर्यादेखाली गेला की प्रेशर स्विच मुद्दामच कॉम्प्रेसर लागू देत नाही.

इथे दोन सापळे आहेत.

पहिला, काही जण प्रेशर स्विचची पिन काढून वायरीचा तुकडा टाकून शॉर्ट करतात, "बघा लागला की". सेकंदभर तपासायला ठीक, पण तसंच चालवू देऊ नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नसताना तो कोरडा फिरतो आणि जॅम होतो. तो स्विच त्यासाठीच लावलेला असतो.

दुसरा महागडा आहे. एसी सकाळी चालतो, तासभर ट्रॅफिकमध्ये फिरलं की बंद, गाडी थंड झाली की परत चालू. याला सरसकट "कॉम्प्रेसर गेला" म्हणतात. पण चकती आणि पुलीमध्ये एक बारीक फट असते, साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर, घासून घासून ती वाढते, आणि गरम झालेल्या मॅग्नेटचा जोर कमी पडला की तेवढ्या अंतरावरून चकती खेचता येत नाही. मधला बोल्ट काढून आतली एक पातळ शिम (वॉशरसारखी चकती) काढली की बहुतेक गाड्यांत काम होतं. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फट मोजून दाखवा म्हणा. मोजायच्या आधी कॉम्प्रेसरचं कोटेशन देणाऱ्याकडून गाडी घेऊन निघालेलं बरं.

४. पुढचा फॅन, याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात

एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांमध्ये काही सेकंदांत रेडिएटरचा फॅन सुरू झाला पाहिजे, इंजिन थंड असलं तरी. हे "इंजिन थंड असलं तरी" महत्त्वाचं आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांत एकच फॅन दोन्ही कामं करतो आणि त्याला दोन स्पीड असतात: एसीसाठी हळू, इंजिन तापलं की जोरात. हळू स्पीडचा रेझिस्टर किंवा रिले गेला तर एसी लावल्यावर फॅन हलतही नाही, मग इंजिन तापतं, फॅन एकदम पूर्ण जोरात फिरतो, थोड्या वेळाने बंद, आणि गॅरेजवाला नेमका तेव्हा बॉनेट उघडून म्हणतो "फॅन तर चालू आहे". माझ्या गाडीचं नेमकं हेच होतं. दोन ठिकाणी गॅस बदलायला सांगितलं, एका ठिकाणी कॉम्प्रेसर, आणि निघाला फॅनचा रिले. म्हणून ही तपासणी सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी चालू करून लगेच करा.

फॅन ठीक असेल तर कंडेन्सर बघा. समोरच्या जाळीतून टॉर्च मारा: चिखल, किडे, वाळलेली पानं, आमच्याकडे हंगामात कापसाचे तंतू. खरा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो, समोरून तो दिसतच नाही, वरून टॉर्च मारली तर धुळीची घोंगडी पांघरल्यासारखा दिसतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर साध्या पाइपने पाणी सोडा, जमलं तर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारू देऊ नका, पातळ पत्र्या आडव्या पडतात आणि मग हवा कायमचीच अडते.

झटपट टेस्ट: दुपारी गाडी उभी, एसी चालू, व्हेंटचं तापमान बघत बघत कोणाला तरी कंडेन्सरवर पाण्याची धार सोडायला सांगा. दोन-तीन मिनिटांत तापमान सरसर उतरलं तर गॅस गायब झालेला नाही, उष्णता बाहेर पडत नाहीये. तुमचं काम फॅन-कंडेन्सरपाशी आहे.

५. पाइपांना हात

कॉम्प्रेसर लागतोय, फॅन फिरतोय, तरी कोमट. आता केबिनकडे जाणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या पाइपांना फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) हात लावा, एक जाड, एक बारीक. जाड पाइप गार लागला पाहिजे, दमट हवा असेल तर त्यावर पाण्याचे थेंब. बारीक पाइप कोमट-गरम. दोन्ही सारखेच कोमट असतील तर गॅस कमी किंवा कॉम्प्रेसर कमकुवत. कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरला जाणाऱ्या पाइपला हात लावू नका, चटका बसतो.

जाड पाइप छान गार आहे आणि आत हवा गरम? तर परत दुसऱ्या पायरीवर जा, फ्लॅप.

गाडीखाली पाणी ठिबकणं चांगलं लक्षण आहे. ते बाहेर न ठिबकता डाव्या बाजूच्या पायपुसण्यात आलं तर ड्रेन पाइप तुंबलाय, एवढंच.

६. गेज लावल्यावर काय बघायचं

आता गॅरेज. मेकॅनिक निळा (लो) आणि लाल (हाय) असे दोन गेज लावेल, शेजारी उभे राहा आणि फोटो काढा.

इंजिन बंद आणि गाडी बराच वेळ उभी असताना दोन्ही सुया सारख्या असतात. आर १३४ ए साठी ३० अंशाला साधारण ९७ पीएसआय (दाब मोजायचं एकक), ४० अंशाला १३३ च्या आसपास. बरेच जण हे बघून "गॅस फुल आहे" म्हणतात. ते चूक आहे. आत थोडा जरी पातळ गॅस असला तरी दाब तेवढाच दाखवतो, १५० ग्रॅम असो की ४००. त्या तापमानापेक्षा बराच जास्त दाखवत असेल तर मात्र आत हवा किंवा दुसराच गॅस मिसळलाय.

खरी परीक्षा चालू असताना. लो साइड २५ ते ४५, हाय साइड आपल्या उन्हाळ्यात २०० ते २८० पीएसआय, गाडीप्रमाणे थोडं इकडेतिकडे.

- दोन्ही कमी: गॅस कमी.
- दोन्ही जास्त: फॅन/कंडेन्सर, किंवा गॅस जास्त भरलाय, किंवा हवा मिसळलीय.
- लो जास्त आणि हाय कमी: कॉम्प्रेसर दाबच देत नाही. हा कॉम्प्रेसरविरुद्धचा खरा पुरावा.
- लो जवळजवळ शून्यावर किंवा त्याखाली: एक्स्पान्शन व्हॉल्व चोक, किंवा आत ओलावा जाऊन तिथे गोठतोय.

जास्त गॅस म्हणजे जास्त थंड असं नसतं हे कितीही सांगितलं तरी लोकांना पटत नाही. छोट्या गाडीत ५०-६० ग्रॅम जादा गेला तरी कूलिंग पडू शकतं.

७. गॅस कमीच निघाला तर लिकेज दाखवा म्हणा

गॅस गळतो तिथे ऑइलही येतं आणि त्यावर धूळ बसते. टॉर्च घेऊन जॉइंट-जॉइंट बघा: स्वच्छ ॲल्युमिनियमच्या पाइपवर, रबर जिथे पत्र्यात दाबलेलं असतं त्या गळ्यापाशी, काळपट चिकट डाग, बोट फिरवलं की तुपकट लागतो. कंडेन्सरचे खालचे कोपरे (दगड लागतात), कॉम्प्रेसरच्या क्लचमागचा सील, आणि गेज लावायच्या व्हॉल्वची टोपी. ती टोपी हरवलेली असणं फार कॉमन आहे आणि आतली पिन गळत असेल तर दुरुस्ती किरकोळ. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी कंडेन्सर जास्त बारकाईने बघा, खाऱ्या हवेने तो सडतो.

खात्रीसाठी नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावणं ही चांगली पद्धत. टायरमध्ये भरायची साधी हवा नको, तिच्यात ओलावा असतो. व्हॅक्यूम धरला (पंपाने आतली हवा ओढून घेतल्यावर सुई हलली नाही) म्हणजे लिकेज नाही असंही नाही, व्हॅक्यूमचा फरक जेमतेम एका वातावरणाचा असतो आणि चालू गाडीत दाब त्याच्या पंधरा-वीस पट होतो, बारीक भोक तेव्हाच बोलतं.

"कूलिंग कॉइल फुटली, डॅशबोर्ड खोलावा लागेल" असं म्हणाले तर पुरावा मागाच, कारण एकदा खोललेला डॅशबोर्ड पुढे खडखडतो. डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) टाकून ड्रेनच्या पाण्यात यूव्ही टॉर्चखाली हिरवा-पिवळा रंग दिसतो का, किंवा व्हेंटपाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर ओरडतो का.

८. गॅस भरताना तिथेच थांबा

जुना गॅस मशीनमध्ये ओढून घेतला पाहिजे, हवेत सोडून द्यायचा नाही, १०० वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता धरतो. सिस्टिम उघडली असेल तर ओ-रिंग (जॉइंटमधल्या रबरी रिंगा) नव्या, आणि फिल्टर ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) नवा. मग व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास, पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं सुई हलत नाही ना बघायचं. आमच्याकडे पाच मिनिटांत व्हॅक्यूम उरकणारे आहेत, त्यांना चहा पाजून बसवून ठेवावं लागतं.

गॅस वजनावर. कॅन काट्यावर ठेवून स्टिकरवरच्या ग्रॅमइतका. "अंदाजाने, सुई बघून" नको. कॅनवरचं नाव वाचा. अति स्वस्त कॅनमध्ये ज्वलनशील गॅसचं मिश्रण असू शकतं, ते केबिनमध्ये गळलं तर जिवाशी खेळ. आणि काम चालू असताना तिथे विडी-सिगरेट कोणी ओढत असेल तर लांब जायला सांगा, आर १३४ ए ज्वाळेतून गेला की विषारी वायू तयार होतात.

कॉम्प्रेसर खरंच आतून तुटला असेल तर पाइप काढून ऑइल बघा. त्यात चंदेरी चुरा असेल तर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व आणि सहसा कंडेन्सरही बदलावा लागतो, नाहीतर तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरला खातो. खर्च मोठा आहे, पण अर्धवट केला तर दुप्पट होतो.

९. गाडी ताब्यात घेताना

पहिल्या पायरीसारखंच दहा मिनिटं व्हेंटचं तापमान मोजा, गॅरेजच्या दारातच. बिलावर किती ग्रॅम गॅस, ऑइल कुठलं आणि किती, कोणता पार्ट बदलला, गेजचे दोन्ही आकडे, आणि लिकेज कुठे सापडलं हे लिहून घ्या. जुना पार्ट मागून घ्या. पंधरा दिवसांनी त्याच वेळेला, त्याच पद्धतीने परत मोजा. तीन-चार अंशांनी वर गेलं असेल तर लिकेज राहिलंय, बिल घेऊन त्याच माणसाकडे जा, वॉरंटीत असताना.